खळ्यावर बोलायचं नसतं

डॉक्टर जिन्यात भेटले, आणि जिन्यात भेटलेला माणूस बोलतो तेवढंच बोलले. श्रावण वर चढत होता, ते खाली उतरत होते. त्यांनी ओळखलं, खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातातली बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाले, "भावाचं तुमच्या ते तसंच निघालं. सोमवारी आणून भरती करा. त्याच दिवशी स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. उशीर केलात तर दोन्ही." एवढं बोलून ते बडीशेप चावत उतरून गेले. श्रावण नागपूरच्या तारघरात नोकरीला होता. लोकांची जन्ममरणं कमीत कमी शब्दांत बसवून पुढच्या गावाला कडकट्ट करायची, हे त्याचं इतक्या वर्षांचं काम. त्यामुळे पहिल्या झटक्याला त्याच्या मनात दुःख वगैरे आलंच नाही. आलं ते हे, की डॉक्टरांच्या बोलण्यात एकही शब्द जादा नव्हता. काउंटरवर कुणी असा मजकूर घेऊन आलं असतं तर आपण त्याला खुर्ची दिली असती. मग मागून बादली घेऊन येणारा कुणीतरी म्हणाला, "बाजू द्या साहेब." श्रावण बाजूला सरकला, भिंतीला टेकला, आणि भिंतीचा गारवा सदऱ्यातून पाठीत उतरला तेव्हा कुठे तार पोचली.

थोरल्या भावाला, देवाजीला, त्यानं दिवाळी झाल्यावर नागपूरला आणलं होतं. उन्हाळ्यापासून देवाजीचा घसा बसलेला. गावात त्यावर हळद झाली, मध झाला, ज्येष्ठमध झाला, सानगडीच्या बाजारात येणाऱ्या एका वैदूची काळी गोळी झाली. घसा बसला तो उठला नाही. दवाखान्यात गळ्यात नळी घालून मांसाचा कण काढून घेतला तेव्हा देवाजीनं हूं की चूं केलं नाही, बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, "या लोकाईनं माह्या गळ्यातून सँपल नेलं. दुकान टाकतेत का बे?" त्याच संध्याकाळी तो परत गेला, कारण धान कापायला आलं होतं. एस.टी.च्या खिडकीतून तोंड काढून, फाटक्या कापडासारख्या आवाजात त्यानं सांगितलं होतं, "काई निंगालं त सांगजो." गाडी हलली तेव्हा पुन्हा डोकं काढून म्हणाला, "अन् नाई निंगालं त दोनदा सांगजो." श्रावण हसला होता. आता जिन्यात भिंतीला टेकून उभं असताना त्याच्या लक्षात आलं, की निघालं तर एकदाच सांगायचं आहे. एकदा म्हणजे काय मोठं. दिवसातून तो शंभरदा सांगतो. कुणाची आई गेली, कुणाचा मुलगा पळाला, कुणाची बदली थांबली नाही. बोट उचलायचं, बोट टाकायचं, पलीकडच्या गावात कुणीतरी मटकन खाली बसतं, आणि आपण चहा मागवतो.

शनिवार-रविवारची पाळी त्यानं पुंडलिकरावांशी बदलून घेतली. पुंडलिकराव नागपुरातच जन्मले, वाढले, आणि तिथेच पेन्शन घेणार होते. "काय विशेष?" त्यांनी विचारलं. "धानाची मळणी आहे." "वा! मजा आहे बुवा तुमची. हवापालट. दोन दिवस नुसतं गवतावर पडायचं. आमच्यासाठी थोडा चिन्नोर तांदूळ आणा, वास पाहिजे पण." श्रावणनं हो म्हटलं. साकोलीपर्यंतच्या गाडीत तो मजकूर जुळवत बसला. गळ्यात गाठ, सोमवारी ऑपरेशन. हे फार कोरडं झालं. दादा, घाबरू नको, पण. हे 'पण' आल्यावर माणूस घाबरतोच. जीव राहील, इथून सुरुवात करावी, चांगलं आधी. पण जीव राहील असं म्हटलं, की जीव जाण्याची गोष्ट होती हे आपोआप आलं. तारेला काही ठरलेले मजकूर असतात, वाढदिवसाला अमुक, लग्नाला तमुक. नुसता क्रमांक दाबायचा, की शुभेच्छा पोचतात. असल्या प्रसंगासाठी सरकारनं क्रमांक ठेवला नव्हता. बाहेर आभाळ मळलं होतं. डिसेंबरात असं आभाळ आलं की भंडारा जिल्ह्यातला माणूस वर बघतो आणि मग एकदम आपल्या खळ्याकडे बघतो. बसमधली माणसंसुद्धा तशीच वर बघत होती, आणि मग समोर खळं नसल्यामुळे कंडक्टरकडे बघत होती.

तो खळ्यावर पोचला तेव्हा देवाजी भरल्या बंडीवर, बैलगाडीवर, उभा होता आणि डोमा खालून धानाचे भारे फेकत होता. डोमा शेजारच्या बांधीचा, धानाच्या शेताचा, मालक. त्याच्याकडे एक बैल, देवाजीकडे एक. दोघांचे मिळून जोडी होत असे, आणि जोडीपायी दोन्ही घरं जन्माची एकमेकांना बांधली गेली होती. "आले, तारबाबू आले," डोमा म्हणाला. "आता ढगाईले तार करा, म्हणा दोन दिस दम धरा." देवाजीनं वरून पाहिलं. हसला. एक दोर खाली टाकला. "धर ना बे," एवढंच. तो आवाज श्रावणनं ऐकला. दिवाळीला फाटकं कापड होतं, आता नुसते धागे होते. त्यानं दोर धरला. तोंड उघडलं. "दादा," तो म्हणाला. "वढ," देवाजी म्हणाला. त्यानं ओढलं. दोर तळहातातून सरकला, कातडी सोलून गेली, बंडी करकरली आणि बैलानं मान वळवून त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्याला तारघरातले सुपरिंटेंडेंट आठवले.

हा आवाज एकेकाळी तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जात असे. मधे पाणी, पाण्यावर धुकं. आणि धुक्यात पलीकडे म्हशीमागे गेलेला लहान श्रावण, वाट चुकलेला, रडवेला. तेव्हा "शाऽऽवन्या" अशी हाक पाण्यावरून घरंगळत आली होती, आणि तिच्या दोरीला धरून तो पाळीच्या कडेकडेनं घरी आला होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत देवाजी राजा व्हायचा. मुकुट चमकीच्या कागदाचा, मिशी सुताची, पण तो "कोण आहे रे तिकडे" म्हणाला की पुढच्या रांगेतले म्हातारे खरंच मागे वळून पाहायचे. शिकायला नागपूरला पाठवलं त्या दिवशी तो गाडीमागे धावत आला, आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "टोपी घालत जाय!" गाडीतली माणसं श्रावणच्या उघड्या डोक्याकडे पाहू लागली. ती लाज श्रावणला पुढे कित्येक वर्षं पुरली. रात्रपाळीत यंत्र निपचित पडलं की कधीकधी तीच हाक त्याला तारेतून ऐकू यायची, आणि तो उगाच डोक्यावरून हात फिरवायचा. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे देवाजी राशीवर बसायचा. धान उपणून झालं, त्याची रास लागली, की ती मापायची कुणी, तर देवाजीनं. आपल्याच घरची नाही, आळीतली, तलावापलीकडची, कुणाचीही. त्याच्या तोंडून आकडा निघाला की रास वाढते, असं लोक म्हणत. वाढत असेलही. निदान कमी झाली असं कुणी म्हटलेलं ऐकिवात नव्हतं. आणि घसा बसलेला असूनही त्याला औंदा चार घरी बोलावून नेलं होतं. "मापावर बसला का घसा मोकळा होते त्याचा," डोमा सांगत होता, "देव बसते तेथी." श्रावणला वाटलं, देव तिथं, गळ्यात, बसत असेल तर त्याच्या बुडाखाली नेमकं काय आहे हे त्याला कळायला पाहिजे होतं.

भारे आणून झाले, ते सोडून खळ्यावर पसरून झाले, आणि मधल्या मेढीभोवती बैलांची पात सुरू झाली. बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली होती. श्रावणला पातीमागे चालायला दिलं. हा मान नव्हता. त्याच्या हातून बाकी काही होण्यासारखं नाही, असा डोमाचा अंदाज होता. देवाजी काट्याच्या फाट्यानं तनीस, धानाचं गवत, उलटंपालटं करत होता. चालत चालत श्रावण त्याच्याजवळ यायचा, दोन पावलं समांतर, आणि पुढे निघून जायचा. एका फेरीत तो म्हणाला, "दादा, मी परवा दवाखान्यात गेलो होतो." पुढच्या फेरीला देवाजी म्हणाला, "त्या पांढऱ्याले आवर, तो खाली तोंड घालून रायला." त्या पुढच्या फेरीला श्रावण म्हणाला, "डॉक्टर भेटले." देवाजी म्हणाला, "तुही चप्पल काढून ठेव, धानात पाय देऊन रायला." श्रावणनं चप्पल काढली. अनवाणी पायांना तनसाची कुसं टोचली, धूळ नाकात गेली, मानेला खाज सुटली, आणि या सगळ्यातून एक स्वच्छ विचार आला, की दादाला माहीत आहे. दादाला कधीचंच माहीत आहे. म्हणूनच तो दोर टाकतो, बैल दाखवतो, चप्पल काढायला लावतो. मग विचार उलटा फिरला: नाही, आभाळ आलं आहे, धान उघड्यावर आहे, आणि असल्या वेळी दवाखाना, डॉक्टर असं कुणी बडबडत असेल तर कोणताही शेतकरी त्याला चप्पल काढायलाच सांगेल. मेढीभोवती तो फिरत राहिला, आणि हे दोन विचारही त्याच्यासारखेच फिरत राहिले, तोंडाला मुसकी बांधलेले.

जेवताना सांगावं, असं त्यानं ठरवलं. जेवताना माणूस बसलेला असतो, हातात फाटा नसतो. कुंतावैनीनं भात वाढला, लाखोळीचं वरण वाढलं, भेदऱ्याची चटणी ठेवली. देवाजी घास घ्यायचा, गिळताना डोळे मिटायचा, आणि डोळे उघडल्यावर सगळ्यांकडे असं बघायचा जणू नुकताच कुठूनतरी परत आला आहे. हे श्रावणनं पाहिलं. वैनीनंही पाहिलं, आणि ताटात नसलेलं तूप पाहायला म्हणून ती आत गेली. "वरन पातळ केलं आज," ती आतून म्हणाली, कुणी विचारलेलं नसताना. सांगण्यासारखी ही वेळ उत्तम होती. श्रावणनं घास घेतला. भाताला वास होता, नव्या धानाचा, आईच्या पदराला यायचा तो. आणि घास तोंडात असताना बोलू नये, हे त्याला आईनंच शिकवलं होतं. त्यानं आज्ञाधारकपणे घास चावला, पुन्हा चावला. देवाजी उठला. हात धुतला. दोरावरची घोंगडी घेऊन खळ्यावर निजायला गेला. "तू घरीच नीज," जाता जाता म्हणाला. "तुले थंडी बाधते."

सकाळी गोठ्यात वैनीनं त्याला गाठलं. शेणाची पाटी तिनं त्याच्या डोक्यावर द्यायला उचलली, आणि दिली नाही, तशीच दोघांच्या मधे धरून ठेवली. "भाऊजी, काय म्हणला डॉक्टर?" पाटी मधे असल्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं. श्रावण म्हणाला, "दादालेच सांगतो मी." तेवढ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण चांगली बातमी कुणी 'त्यालाच सांगतो' म्हणून राखून ठेवत नाही. पाटीच्या कडेवरची तिची बोटं पांढरी झाली. "बरं," ती म्हणाली. "पण धान घरात आल्यावर सांगा. आज राशीचा दिस हाये. आज नोका सांगू." "वैनी, उद्या भरती करायचं आहे. आज संध्याकाळच्या गाडीनं नेतो म्हणतो." "मंग गाडीत सांगा." "पण गाडीत बसायला तर सांगावं लागेल ना, कायले बसायचं ते?" वैनीनं विचार केला. "चष्म्याचं सांगा," ती म्हणाली, आणि पाटी त्याच्या डोक्यावर ठेवली. खड्ड्याकडे जाताना शेणाचं पाणी कानामागून मानेवर उतरत होतं, आणि त्याला वाटत होतं की सगळं जग एका माणसाला एक वाक्य सांगू न देण्याच्या कटात सामील आहे, आणि कटातल्या प्रत्येकाचं त्या माणसावर आपल्यापेक्षा जास्त प्रेम आहे.

रविवारी वारा पडला नाही, एवढी मेहेरबानी आभाळानं केली. देवाजी तीन पायांच्या तिव्यावर चढला, तोंडाला धुळीसाठी पंचा गुंडाळला, आणि सूप भरभरून धान वाऱ्यावर सोडू लागला. पंचा बांधलेल्या माणसाला काही सांगता येतं, त्याला उत्तर देता येत नाही. म्हणजे खरं तर हीच वेळ होती. श्रावण खालून सुपं भरून देत होता. वर पाहिलं की धान आणि पोल वेगवेगळे होऊन पडताना दिसत. दाणे सरळ पायाशी आणि पोल, पोचट, वाऱ्याबरोबर दूर. हे किती सोपं आहे, त्याला वाटलं. वारा कुणालाच विचारत नाही. "दादा!" तो ओरडला. पंच्यातून "हं?" आलं. "दादा, आज माझ्यासोबत चाल!" देवाजीनं कानामागे हात नेला. डोमा खालून म्हणाला, "ते म्हणून रायले, सोबत चाला म्हणून!" देवाजीनं हातानं खुणावलं: सूप. श्रावणनं सूप दिलं. "कुठं चाला म्हणता बाबू?" डोमानं विचारलं, "सिनेमा गिनेमा हाये का?" "हो," श्रावण म्हणाला. "चांगला हाये?" "मारामारीचा आहे." "मंग मले न्या," डोमा म्हणाला, "थो कायले येते. त्याले रडारडीचे आवडते."

दुपार कलली तेव्हा रास लागली. पिवळी, टोकाला नीट बसवलेली, आपल्या घरी लाडकी मुलगी पाय पसरून बसावी तशी. वैनीनं राशीभोवती राखेची रेघ ओढली, कुंकू टाकलं, डोमानं नारळ फोडला. सगळ्यांनी चपला दूर काढल्या. श्रावणच्या कालपासून दूरच होत्या. देवाजी राशीपुढे मांडी घालून बसला, हातात कुडो, ते लोखंडी पट्ट्या मारलेलं लाकडी माप, आजोबांच्या हातचं, कड झिजून गुळगुळीत झालेलं. आता बोलायचं नव्हतं. आणीबाणी उठून देशाचा हा दुसरा हिवाळा. लोक चौकाचौकात हवं ते बोलत होते, नको तेही बोलत होते. राशीवरची बंदी मात्र कुणी उठवली नव्हती, कारण ती कुणी घातलीच नव्हती. माप चालू असताना जो बोलला त्यानं राशीतली बरकत उठवून दिली, एवढं साधं. मालक बोलला तरी तेच, लेकरू बोललं तरी तेच. बोलायचं फक्त मापणाऱ्यानं, आणि त्यानंही आकडेच. एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. देवाजीनं कुडो राशीत खुपसला, तळहातानं वरचं सपाट केलं, डोमानं धरलेल्या पोत्यात ओतला, आणि म्हणाला, "लाभ."

श्रावणनं मान वर केली. तो तोच आवाज होता. तलावावरून येणारा, कागदी मुकुटाखालचा, गाडीमागे धावणारा. कालपासून धाग्याधाग्यानं निघणारा आवाज राशीपुढे बसल्याबरोबर अख्खा विणून बाहेर आला होता. "दोन." धान पोत्यात पडल्याचा सळसळाट. "तीन." वैनी पदर तोंडावर धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत असा काही आनंद होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं: पाहा, काही झालेलं नाही, पाहा. डोमा पोत्याचं तोंड धरून मान डोलवत होता, माझं म्हणणं ऐका म्हणत होतो ना मी, अशा थाटात. हा आवाज काढून टाकायचा. उद्या. एका तबकात. श्रावणला तारघरातली एक रात्र आठवली, जेव्हा वादळानं खांब पडले होते आणि यंत्रावर बोट कितीही आपटलं तरी पलीकडे काहीच नव्हतं. ती बोटाखालची निर्जीव पोकळी. दादाच्या गळ्यात उद्यापासून ती असेल. तो हात करून दोर मागेल. कुडो भरेल आणि ओतेल, आणि आकडा येणार नाही. मग कोण बोलावेल त्याला राशीवर? आणि आपण जाऊन सांगायचं, की दादा, तुझा जीव राहील. कोणता?

तेवढ्यात गावातून एस.टी.चा भोंगा ऐकू आला. साकोलीला परत जाणारी शेवटची गाडी. ड्रायव्हर चहा प्यायचा, पुन्हा भोंगा द्यायचा, आणि निघायचा. रास अजून जवळजवळ सगळी उभी होती. मोजून संपेपर्यंत गाडी गेलेली असणार, उद्या सकाळ गेलेली असणार, दवाखान्यातली ती खाट दुसऱ्या कुणाला गेलेली असणार. मग पोती घरात न्यायची, मग तनीस रचायचं, मग लाखोळी, मग जवस, मग पुन्हा कुणाच्यातरी राशीवर देवाजी. कामाला कधी शेवट नव्हता. शेताचं हेच असतं. तिथं मरायलासुद्धा हंगाम संपायची वाट पाहावी लागते, आणि हंगाम संपत नाही. आपण शनिवारभर, रविवारभर गप्प बसलो. जेव्हा सगळे बोलत होते तेव्हा आपण बोललो नाही. हे त्याला कळलं, त्याचा पाय राखेच्या रेघेवर पडला आणि त्याच क्षणी स्वतःचा आवाज ऐकू आला, बारीक, काउंटरवरचा, नीट उच्चारलेला. "दादा, डॉक्टर म्हणाले सोमवारी गळ्याचं ऑपरेशन. जीव राहील. आवाज जाईल. नाही केलं तर दोन्ही."

एकही शब्द जादा नव्हता.

देवाजीचा हात भरल्या कुडोसकट हवेत थांबला. कुडोच्या कडेवरून चार दाणे सुटले. बैलांनी माना वर केल्या. आणि मग डोमा, पोत्याचं तोंड सोडून, दोन्ही हात डोक्याला लावत ओरडला, "बाटवली ना बे! रास बाटवली! अरे बाबू, येवढा शिकलास अन् खळ्यावर तोंड उघडतं!" वैनी रडत होती, पण म्हणत होती तेही तेच: "सांगतलं होतं जी मी, राशीवर नोका, राशीवर नोका." श्रावण एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्यानं काय सांगितलं, हे कुणी ऐकलंच नव्हतं. कुठे सांगितलं, एवढंच साऱ्यांनी ऐकलं होतं. त्याला पुढचं सगळं लख्ख दिसलं. ऑपरेशन केलं आणि आवाज गेला, तर राशीवर बोलल्यामुळे गेला. नाही केलं आणि दादा गेला, तरी राशीवर बोलल्यामुळे गेला. औंदा तुडतुडा पडला, डोमाचा बैल लंगडला, वैनीच्या बहिणीची सोयरीक मोडली, तरी कारण गावाला आता सापडलेलं होतं, आणि ते नागपूरला तारघरात नोकरीला होतं. त्याला एकाएकी हसू आलं, आणि हसणं हेही राशीवर चालत नसणार म्हणून त्यानं ते गिळलं.

बोलला नाही तो फक्त देवाजी. त्यानं हातातला कुडो राशीत परत ओतला. पोत्यातलं सगळं धान परत ओतायला डोमाला खूण केली. मग बोटानं, जिथं श्रावणच्या पायानं मोडली होती तिथं, राखेची रेघ पुन्हा जुळवली, हळूहळू, फार काळजीनं, जणू राशीभोवती नाही तर दुसऱ्याच कशाभोवती ती ओढत आहे. मान वर करून त्यानं श्रावणकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्या नजरेत ओळख होती फक्त, खिडकीतून तोंड काढून पाहतात तशी. एकदाच सांगितलंस ना, बरं, पोचलं. त्यानं कुडो खुपसला, सपाट केला, ओतला. "लाभ," तो म्हणाला. आवाज होता. "दोन." होता. "तीन." सगळे गप्प झाले. आकडे चालू लागले, पण आता प्रत्येक आकड्याच्या आधी देवाजी डोळे मिटत होता, जेवताना मिटायचा तसे. "सहा" निम्मा हवेतच गेला. "सात" नुसता श्वास होता. आठवा कुडो त्यानं भरला, सपाट केला, पोत्यावर धरला, ओठ हलवले, आणि काहीही आलं नाही. पुन्हा हलवले. कुडो ओतायचा तर आकडा पाहिजे. आकड्याशिवाय ओतलेलं धान मोजलेलं नसतं. डोमानं वैनीकडे पाहिलं, वैनीनं खाली पाहिलं. कुणी बोलून चालणार नव्हतं. बोलू शकेल तो ज्यानं आधीच बंदी मोडली आहे तोच, त्याच्यापाशी राखायला काही उरलं नव्हतं.

"आठ," श्रावण म्हणाला.

देवाजीनं मान वळवली नाही. कुडो तिरपा केला, आणि धान पोत्यात पडलं. तो सळसळाट श्रावणनं आयुष्यात ऐकलेल्या कोणत्याही पोचपावतीपेक्षा स्पष्ट होता. पुढचा कुडो भरून पोत्यावर आला आणि थांबला, वाट पाहत. "नऊ," श्रावण म्हणाला. ओतला गेला. भावाच्या बाजूला, राखेच्या रेघेच्या आत, तो अनवाणी बसला. दादा, येशील ना, हे विचारायचं होतं. आज नाही तर उद्याच्या पहिल्या गाडीनं, चष्म्याच्या निमित्तानं म्हण, सिनेमाच्या निमित्तानं म्हण. साऱ्या खळ्यावर बोलायचा हक्क आता त्या एकट्याला होता. गावातून भोंगा पुन्हा वाजला, लांबवर, आणि गाडी निघाल्याचा आवाज बांधांवरून येत येत विरून गेला. कुडो समोर हवेत थांबला होता. देवाजी त्याच्या तोंडाकडे पाहत होता. श्रावणनं तोंड उघडलं.

"दहा," तो म्हणाला.